कॉम्पुटरमधली कांताताई

कांताताई,

तुझा पत्ताच नाय, मग हे पत्र टाकू कुठं? तरी लिहिते.

दादाच्या नातीनं, श्रेयानं, कॉम्पुटरात सॉफ्टवेअर घेऊन आपली वंशावळ भरायला काढली. ते प्रत्येकाचं विचारतंय, जिवंत का मयत. तुझं नाव आलं तसा दादा म्हणला, "मयत लिही. ती पळून गेली तवाच तिच्या नावानं आंघोळ केली म्या."

मी म्हणलं, "आंघोळ तू केली, म्हणून ती मेली का? काय खबर हाय तुला?"

मग श्रेयाकडं वळून मी म्हणलं, "श्रेया, जिवंत लिही."

आता तुझ्या नावाखाली वय दिसतंय, अठ्ठावन्न. दर साली आपोआप वाढणार म्हणं. खरंखोटं मलाबी ठाव नाय. पण मला खोटं पाडू नको, ताई.

तुझी धाकटी,
सारजा
संभाजीनगर