लाळेतला नेचा

आई,

तुझ्या माहेरच्या म्हशीची ती काच काल ट्रंक आवरताना सापडली. सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि त्या दिवसासारखाच ओरडलो. तुझी सून पोळी टाकून धावत आली.

तेव्हा म्हैस दोन वर्षं भाकड होती. माज यायचा तो मुका, हंबरणंसुद्धा नाही. आबांनी सांगून टाकलं होतं, "संक्रांतीपतुर बगतो. न्हाईतर बाजार दावतो." तू चुलीतली लाकडं उगाच पुढंमागं करत राहिलीस. मी नववी नापास. पण भोरच्या वाचनालयातलं जाड इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन चार महिने वाचलं होतं. माजावर येताना इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक रक्तात चढतं, लाळेतही उतरतं. मग वाळलेल्या लाळेतले क्षार ओढ्याकाठच्या नेच्याच्या पानासारखे मांडले जातात. एरवी नुसते ठिपके. यातून संप्रेरकाचा आकडा कळत नाही, चढ तेवढा कळतो, हे मी तेव्हाही प्रत्येकाला बजावायचो.

म्हशीची लाळ काचेवर वाळवून जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली धरू लागलो, आणि पहिल्याच आठवड्यात नेचा दिसला. वेल्ह्याहून जनावरांचे डॉक्टर आले, कृत्रिम रेतन केलं. म्हैस उलटली, गाभ धरला नाही. पुढच्या खेपेलाही तेच. आबा अंगणातून म्हणाले, "थुकीत पाला बगून म्हस गाभन ऱ्हाती व्हय रं? उद्या माज्या थुकीत बग, आंबा दिसंल!" अख्खं पासली गाव हसलं. तू हसली नाहीस.

मग मी रोज काच बघायला लागलो, तर रोजच नेचा! माज काय रोज असतो? एका सकाळी गोठ्याच्या दाराआड उभा राहिलो. तू आत शिरतेस, पदराची गाठ सोडतेस, लाळ सुटावी म्हणून मिठाचा खडा तिच्या जिभेवर घासतेस. "आ कर माझे बाय. त्याला बगू दे. न्हाईतर तुला न्हेत्यात."

ते मीठच माझ्या काचेवर पानं काढत होतं.

तुला म्हटलं, "पुस्तकात लिवलंय, फटफटायच्या आत लाळ काढायची." आणि तुझ्या आधी उठू लागलो. तिचं तोंड धुवायचं, अर्धा तास थांबायचं, मग लाळ. नऊ दिवस ठिपके. दहाव्या दिवशी ठिपक्यांतून शीर फुटली, शिरेला पानं, आणि मी ओरडलोच.

"परत पाला का?" डॉक्टर म्हणाले.

"पाला न्हाई सायेब, नेचा. बगा."

त्यांनी डोळा लावला तो बराच वेळ काढलाच नाही. मग तिसऱ्यांदा रेतन केलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्यांनी हात घालून तपासलं. "गाभण!" आबांनी दावं पुन्हा बांधलं, दोन गाठी मारून. पुढं शिवऱ्यापर्यंतचे लोक या नववी नापासाला गोठा दाखवायला नेऊ लागले. डॉक्टर स्वतः माझं नाव सांगायचे.

फक्त त्या दिवशी आबांनी विचारलं होतं, "मग आदी दोनदा कसा चुकलास?" मी म्हणालो, काच नीट धुतली नव्हती. तू केवढी भडकलीस! "तुझ्या घाणेरड्या काचंपायी माझं मुकं जनावर ग्येलं असतं की रं!" मी, ज्याला भांड्यावरचा एक डाग खपत नाही, मान खाली घालून ऐकून घेतलं.

हा कागद त्या काचेशेजारीच ठेवतो. तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहितो.

आई, काच स्वच्छ होती. दोन्ही वेळा.