मंगलीचा इंटरव्ह्यू आणि सिंहाचा वाटा

मोहटोला,
३ नोव्हेंबर २०२४

ती. बुधरीबाईस,

मंगलीचा सेवा जोहार. वि. वि. टावर पुन्हा बंद पडला, म्हणून चिठ्ठी कंडक्टरभाऊजवळ देऊन राह्यली. बाई, सफारी गेटवर गाइडची एक जागा निघाली, अन् ती बी पोरींसाठी! इंटरव्ह्यू वीस तारखेले, इंग्रजीत. तू सावलीच्या शाळेत जगाच्या पोरांले इंग्रजी शिकवते, मग सख्ख्या बहिणीले काऊन नाई? जमलं नाई तर मले आईसंग मिरची तोडाले तेलंगणात जा लागते. लौकर काही धाड.

तुझ्या मायेची हक्कदार,
मंगली

सावली,
८ नोव्हेंबर

चि. मंगलीस,

अनेक आशीर्वाद. चिठ्ठी वाचून मी वर्गातच ओरडले गं, पोरं घाबरली! सोबत वही आहे. इंग्रज माणूस उठता-बसता जनावरांचं नाव घेतो. कामात बुडालेला तो ‘बिझी अ‍ॅज अ बी’, खोटं रडणं म्हणजे ‘क्रोकोडाइल टिअर्स’, सगळ्यात मोठा हिस्सा तो ‘लायन्स शेअर’. पाठ कर. अन् हात जोडते, वाद घालू नको. दहावीच्या तोंडी परीक्षेत सरांच्याच चुका काढून आली होतीस!

रागावले तरी लोभ कमी न होणारी,
बुधरीबाई

मोहटोला,
१३ नोव्हेंबर

ती. बाईस,

जोहार. वही पाठ झाली. पण ही कामात बुडालेली मधमाशी पाह्यली कोणी? आग्या मोहळात अर्ध्या माशा नुसत्या लटकून राह्यतात! बरं बरं, नाई बोलत.

तुझी (सध्या चूप) मंगली

मोहटोला,
२३ नोव्हेंबर

ती. बाईस,

जोहार. आधी रागावून घे, मग पुढं वाच. साहेबांनी ‘लायन्स शेअर’च विचारलं. वहीतलं बरोबर सांगितलं. तिथंच थांबाचं होतं, पण माझं तोंड! मोडक्या इंग्रजीत म्हटलं का सिंहाचं मले माहीत नाई, आमच्या जंगलात रानकुत्रे शिकार करतात अन् पिलांले आधी खाऊ देतात, मोठे बाजूले उभे राह्यतात. मी नाल्यावर डोळ्यानं पाह्यलं. साहेबांनी पेन खाली ठेवला. मले वाटलं, गेली जागा! माझ्या कागदांची फाइल तिथंच टाकून पळाली अन् एसटीत रडत बसली.

काल गार्डभाऊ फाइल घेऊन घरी आला. आतमधी नेमणुकीचा कागद! साहेबांनी निरोप धाडला का पुस्तकातलं पाहुणे घरी वाचतात, त्यांले नाल्यावरचं सांगाचं. बाई, एक तारखेपासून मी गेटवर! मी अंगणभर नाचली.

आईनं तेलंगणात जाले दोघींची गाठोडी बांधून ठेवली होती. तिनं माझं सोडलं, कपडे झटकून खुंटीवर टांगले. आपलं मात्र तसंच ठेवलं. मी ते बी सोडलं.

बोलणं बंद करू नको, माया असू दे.
तुझी गाइड,
मंगली