वीतभर कापूस

शनिवार, १४ डिसेंबर. संध्याकाळचे सात.

आज ह्यांच्या दोन सीटच्या विमानात आवाज आणि थंडी अडवणारं अस्तर आम्ही दोघांनी मिळून बसवलं. उद्या सकाळी हे आमच्या लेकीला, निमाला, त्यातून फिरवून आणणार आहेत.

मघाशी ह्यांनी अस्तराचा उरलेला तुकडा चिमट्यात धरून गॅसवर नेला. आच काढताच विझला. "पाह्यलं? आग धरतच नाही," म्हणाले, खुशीत.

पण सीटमागे अस्तर वीतभर कमी पडलं होतं. हे चहा आणायला गेले तेव्हा मी तिथे घरचा कापूस भरला. आईबरोबर गाद्या भरलेले हात, त्यांना रिकामी जागा बघवत नाही. शाळेत शिवण शिकवणाऱ्या सिस्टर असत्या तर पाठ थोपटली असती, असंही वाटलं होतं तेव्हा. वर पॅनल बसलं. त्याच्यामागून वायरी जातात.

हे बाहेर गेल्यावर चिमूटभर कापूस मीही आचेवर धरला. भप्पकन गेला.

शेवटी सांगितलं. "आधी काहून नाही बोललीस? निमा बसणार हाये त्यात," एवढंच म्हणाले, अगदी हळू. उद्या आधी ते पॅनल उघडायचं, मगच उडायचं.

"एकाच जागी भरला ना?"

हो म्हणाले मी. आत्ता कापसाची पिशवी पाहिली, जवळजवळ रिकामी आहे. वीतभर जागेला एवढा कापूस लागतो? आणखी कुठे भरला मी? आठवत नाही. सगळंच अस्तर उघडा म्हणून सांगायला हवं. उठते.