पप्पा, गॅस बंद केला का?

सावेडी, रविवार दुपार

प्रिय कृपा,

आत्ता कुठे कायम झालेली नाशिकच्या शाळेतली नोकरी सोडून, मला सांभाळायला तू घरी यायचं म्हणतेस. राजीनामा लिहायच्या आधी इथली खबर वाच. तिसगावच्या बाजारातून कोंबड्या आणताना मी स्कूटरवरून डोक्यावर पडलो खरा, पण कोंबड्या सुखरूप आहेत आणि अंडी देतात. जेवलो हे विसरून मी पुन्हा जेवायला बसतो, तेव्हा उपासमारीची काळजी नको.

तुझ्या आवाजातल्या सूचना मोबाईल वेळच्या वेळी वाजवतो. आज चर्चमध्ये पाळकसाहेबांनी सगळ्यांना डोळे मिटून शांत प्रार्थना करायला लावली आणि माझ्या खिशातून तू खणखणीत विचारलंस, "पप्पा, गॅस बंद केला का?" स्टेलाबाई दचकून उठल्या आणि घराकडे पळाल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी. 'आमेन' होईपर्यंत बायकांकडचा एक बाक रिकामा. स्टेलाबाईंचं दूध खरंच गॅसवर होतं. आता त्या म्हणतात, दर रविवारी फोन आणत जा. मी हे विसरलोही असतो, पण दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीने येऊन मला सांगितलं.

त्यात शेजारचे तुझे दिलावरचाचाही आले. संध्याकाळी तुझा फोन येतो तेव्हा ते इथेच बसलेले असतात. आधी हसले, मग म्हणाले, "शमुवेल, तू रोज पोरीला सांगतो, घरी ये, मला करमत न्हाई. अन् फोन ठेवला की इसरतो."

मला वाटत होतं, हे घरी यायचं तुझ्याच डोक्यातून निघालंय. नको म्हटलं तरी पोरगी माझं ऐकत नाही, असं मी गावभर सांगत हिंडतोय. बाळा, मला फार वाईट वाटलं. करमत नाही हे खरं आहे. तुझ्या आईमागे घर खायला उठतं. पण म्हणून तुझी नोकरी मोडायची नाही.

चाचांकडून मोबाईलमध्ये एक नवी सूचना भरून घेतली, माझ्याच आवाजात. तुझ्या फोनच्या जरा आधी वाजेल: "शमुवेल, पोरीला ये म्हणायचं नाही." तरी ऐन वेळी जीभ ऐकेल याचा भरवसा नाही, म्हणून विसरायच्या आत हे लिहिलं. चाचा याचा फोटो काढून तुला पाठवतील. राजीनामा देऊ नकोस, सुट्टीत ये. आणि आज संध्याकाळी मी पुन्हा रडवेला होऊन घरी ये म्हणालो, तर फोनवरच्या त्या म्हाताऱ्याचं ऐकू नकोस. माझं ऐक.

तुझाच,
पप्पा