दक्षिणेच्या बेटावरची पहिली बिअर

प्रिय आई,

इथे हवामान केंद्रावर मी मजेत आहे, वेळेवर जेवतोय. बाबांचा गुडघा कसा आहे?

मी बिअरच्या किटमधला पाक पिंपात कालवला, वर ते आंबवणारं यीस्ट टाकलं. दोन दिवस काहीच हललं नाही. आमचा म्हातारा स्वयंपाकी मर्विन म्हणाला, "अरे वेड्या, थंडी वाजतेय त्याला! माझं ब्लँकेट गुंडाळ." तिसऱ्या सकाळी बुडबुडे फुटू लागले. बाहेर धुक्यात सील ओरडत होते आणि मी पिंपाला कान लावून बसलो होतो. कितीतरी दिवसांनी एकटं वाटलं नाही.

काल बिअर केगमध्ये, म्हणजे धातूच्या बंद पिंपात, भरली. मुरायला तीन आठवडे लागतील.

उद्याच्या जहाजाने खरं तर मीच परत येणार होतो. आता फक्त हे पत्र येतंय.

तुझाच,
फर्गस