हॅमंड, गुरबख्श आणि दुसरा साक्षीदार

लिहून ठेवणार मुखरू वल्द देवाजी गुरनुले, वय अंदाजे छप्पन, धंदा चहा-भज्यांचे दुकान, राहणार गोंडपिपरी, जिल्हा चांदा. राज्य कालपर्यंत मध्यप्रदेश होते, आता मुंबई म्हणतात. माझ्या दुकानाच्या दारातून दोन्ही सारखेच लांब.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवतो ते असे की, माझे शरीर आता भरवशाचे राहिलेले नाही. पोटातल्या गाठीने अन्न सुटले आहे. डोके मात्र शाबूत आहे. ज्याला खात्री करायची असेल त्याने मला चव्वेचाळीस सालच्या दोन्ही सामन्यांची हकीकत विचारावी, फेरीवार सांगतो. मी कोणाच्या दबावाखाली नाही. दबाव टाकायला घरात माणूस लागतो, तो नाही. कायद्याचे शब्द शाळेचे गुणवंतराव मास्तर यांनी सांगितले, बाकीचे माझे आहेत.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या व मागचे आवार, पुतण्या भैयाजी याला द्यावे. तो राजुऱ्याला असतो. चुलत्याची तब्येत बघायला आला तेव्हा त्याने तब्येत विचारली आणि छतावरची कौले मोजली. कौले बरोबर मोजली, म्हणून घर त्यालाच. एकच अट, आवारातले सीताफळाचे झाड तोडू नये. ते माझ्या बायकोने, धुरपताने लावलेले आहे.

कलम दोन. दुकान, म्हणजे चूल, कढई, दोन किटल्या, कपबशा आणि समोरचे छप्पर, हे सर्व शेजारीण गुणाबाई हिला द्यावे. चार महिने ती मला सकाळ-संध्याकाळ पेज आणून देते आहे. पेज पातळ असते, हे मी इथे लिहितो कारण तोंडावर सांगायची माझी छाती नाही. पोष्टात जे काही आहे ते माझ्या क्रियाकर्माला लावावे आणि उरेल ते तिच्या मुलीच्या, रंभीच्या लग्नाला. धुरपताच्या हातातले चांदीचे गोठही रंभीलाच.

कलम तीन. दुकानासमोरचा सागाचा बाक. हा कोणाच्या मालकीचा नाही. तो तिथेच राहील. त्यावरच्या भिंतीला खिळ्यावर एक हातमोजा टांगलेला आहे, डाव्या हाताचा, फाटका, आतून घोड्याचे केस बाहेर आलेले. तोही तिथेच राहील. गुणाबाईने त्याने कढई उतरवू नये. एकदा उतरवली होती, मी पाहिले आहे.

हा मोजा काय आहे ते लिहिणे भाग आहे, कारण या गावात ते कोणालाही ठाऊक नाही.

लढाईच्या काळात आसामात लेडोच्या पुढे जंगल कापून ब्रह्मदेशाकडे रस्ता चालला होता. मी तिथे भटारखान्यात होतो. आमच्या चुलीला लागून अमेरिकन पलटणीचा तळ होता आणि त्यात हॅमंड नावाचा बुलडोझर चालवणारा गडी होता. आपल्यापेक्षाही काळा, दारातून आत यायचा तर वाकून. त्याच्या गोऱ्या साहेबांच्या पंगतीत त्याला बसता येत नसे, म्हणून तो कित्येकदा माझ्या चुलीपाशी येऊन बसे. मला त्याची बोली येत नव्हती आणि त्याला माझी. पण माणूस जेवताना कळतो.

हॅमंड बॉक्सिंग खेळे. वजनात सगळ्यांत मोठा गट असतो त्याला हेवीवेट म्हणतात, त्यातला. आपल्या बाजूला रस्ते-पूल बांधणाऱ्या सफरमैना पलटणीत हवालदार गुरबख्श होता, तोही हेवीवेट. ट्रकचे दोर बांबूंना बांधून रिंगण केले आणि दोघांना उतरवले. पहिला सामना हॅमंडने तिसऱ्या फेरीत जिंकला. दुसरा गुरबख्शने पाचव्या फेरीत. तिसरा पुढच्या रविवारी ठरला. शुक्रवारी हॅमंडच्या पलटणीला पुढे निघायचा हुकूम आला. ट्रकमध्ये चढताना त्याने हा मोजा माझ्याकडे फेकला. तिसरा सामना झालाच नाही.

ते दोन्ही सामने बघितलेला माणूस या सबंध चांदा जिल्ह्यात माझ्याशिवाय एकच आहे. लालसू वल्द झाडू वेलादी. जातीने गोंड, आलापल्लीच्या जंगलात सहा कोस आत त्याचे गाव. तो आसामात माती खोदायच्या टोळीत होता, गुरबख्शच्या हाताखाली. परत आल्यावर तो दर शुक्रवारी लाकडांच्या लॉरीवर बसून बाजाराला येई, मोह नाहीतर चारोळी घेऊन, आणि ती विकली की या बाकावर बसे. मी हॅमंडचा, तो गुरबख्शचा. तिसरा सामना कोण जिंकला असता, हा वाद दहा वर्षे चालला. आसपासच्या लोकांना कुस्ती कळते, बैलांचा शंकरपट कळतो. आम्हा दोघांकडे ते दोन येडे म्हणून बघत. गुणाबाई विचारी, "मारामारीले सामना काऊन म्हणता भाऊ?" धुरपताला मात्र दोघांची नावे पाठ होती. ती मुद्दाम लालसूची बाजू घ्यायची, मला चिडवायला. तिला जाऊन आता सहा वर्षे झाली.

कलम चार. लालसू वेलादी याला मी या कागदाने काहीही देत नाही.

हे वाचून कोणी उगाच भुवया उंचावू नये. मास्तरांनी सांगितले की मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात आणि दोघांनीही माझी सही होताना समोर बसून बघावी लागते. ज्याला कागदातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, मागून वांधे निघतात. म्हणजे लालसूला मोजा द्यायचा तर तो साक्षीदार नाही, आणि साक्षीदार करायचा तर मोजा नाही. मी एक रात्र विचार केला. मोज्यासाठी तो मी मेल्यावर येईल. साक्षीसाठी त्याला आत्ता यावे लागेल. मला तो आत्ता पाहिजे.

तीन वर्षे तो या बाकावर बसलेला नाही. त्याचे कारण पुढच्या कलमात आहे.

कलम पाच. हे कलम मालमत्तेचे नाही. मास्तर म्हणाले, हे गाळा. मी गाळत नाही.

चोपन्न साली एका शुक्रवारी, भरल्या बाजारात, लालसू म्हणाला, "तुमचा हॅमंड पळाला भाऊ. हुकूम नाई न काई नाई, भेला तो." माझे डोके फिरले. हॅमंडला भित्रा म्हटलेले मला सोसले नाही. मी सगळ्यांच्या देखत बोललो, "काल झाडावरून उतरून आला, न तू मले बॉक्सिंग शिकवून राह्यला?" बाकावरचे चार जण हसले. लालसू हसला नाही. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला, टोपली उचलली आणि गेला. त्यानंतर त्याची लॉरी माझ्या दारावरून जाई, तो मागच्या ओंडक्यांवर बसलेला असे, आणि तोंड दुसरीकडे.

ज्या माणसाला त्याच्या लोकांनी पंगतीत बसू दिले नाही त्याला मी माझ्या चुलीपाशी जेवू घातले, असे मी आयुष्यभर सांगत आलो. आणि माझ्या बाकावरच्या माणसाला मी असे बोललो. ते वाक्य माझे होते. ते खोटे होते, आणि मला त्याची लाज वाटते. कायदेशीर कागदात लिहून ठेवले म्हणजे कोणाला नाकारता येणार नाही, मलाही नाही.

नंतरच्या दिवसांचे काय सांगू! गेल्या वर्षी नागपूरच्या वर्तमानपत्रात बातमी आली की जगाचा अजिंक्य हेवीवेट एकही सामना न हरता निवृत्त झाला. केवढी बातमी! त्याने आधीच्या मोठ्या अजिंक्याला हरवले होते, पण हरलेला तेव्हा म्हातारा झालेला होता. ऐन भरात दोघे भेटले असते तर? यावर लालसू आणि मी सहा शुक्रवार काढले असते. मी पेपर घडी घालून बाकावर तीन दिवस बसलो. एका लॉरीवाल्याला सांगून बघितले. तो म्हणाला, "भजे गरम आहेत का?" त्या दिवशी मला धुरपता गेली तेव्हापेक्षाही एकटे वाटले. हे लिहिणे बरोबर नाही, पण खरे आहे.

कलम सहा. आता जे कोणालाच सांगितले नाही ते. दुसऱ्या सामन्याच्या दिवशी दुपारी हॅमंड माझ्याकडे आला होता. आपल्याकडे कोणी मोठ्या कामाला निघाले की उपाशी जाऊ देत नाहीत. मी उडदाचे वडे तळले, मासळीचे कालवण केले, भात रांधला. तो नको नको म्हणत होता, पोटावर हात ठेवून खुणा करत होता. मला वाटले लाजतो आहे. मी आग्रह करकरून वाढले. अठरा वडे खाल्ले त्याने, माझ्या मनासाठी. तासाभराने तो रिंगणात उतरला. पाचव्या फेरीत पोटावर ठोसा बसला आणि तो गुडघ्यावर आला. भरल्या पोटी लढू नये हे मला पुढे कित्येक दिवसांनी एका गोऱ्या सार्जंटकडून कळले.

म्हणजे हॅमंडला गुरबख्शने नाही हरवले, मी हरवले. लालसूशी वाद घालताना हा मुद्दा दर शुक्रवारी माझ्या जिभेवर येई आणि मी गिळून टाकी. हे बोललो असतो तर वाद मी जिंकलो असतो. पण त्यासाठी स्वतःचे नाव घ्यावे लागले असते.

इथवर रविवार तारीख तीन फेब्रुवारीला लिहून झाले. आलापल्लीच्या लॉरीवाल्याबरोबर निरोप धाडला की एका कागदावर लालसूचा अंगठा पाहिजे. आजाराचे सांगू नको म्हणून बजावले.

शुक्रवार तारीख आठ. मास्तर येऊन बसले. लालसू आला नाही. मास्तर म्हणाले, गावात साक्षीदारांचा दुष्काळ आहे का? मी म्हटले, आहे.

शुक्रवार तारीख पंधरा. हे मी आज लिहितो आहे, अक्षर वेडेवाकडे आहे, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

लालसू आला. दारात उभा राहिला आणि म्हणाला, "जोहार, मुखरूभाऊ. काऊन इतके सुकले?" लॉरीवाल्याने सगळे सांगितले होते, लेकाचा. मास्तरांनी कागद पहिल्यापासून वाचून दाखवला. पाचव्या कलमाला लालसू जमिनीकडे बघत होता. सहावे ऐकून त्याने माझ्या पायांवरची सूज पाहिली आणि हळू आवाजात म्हणाला, "जाऊ द्या भाऊ. तुमचाच हॅमंड मोठा होता. तिसरा सामना झाला असता त तोच जिंकला असता."

दहा वर्षे मी हेच ऐकायला धडपडलो होतो. आज ऐकले आणि गोड लागले नाही. मी लेखणी खाली ठेवली. "सही नाई करत," म्हटले. "मरणाऱ्याशी बोलते तसा बोलू नोको. दया करायची असन त गुणाबाईच्या बकरीवर कर. आपला शब्द मागं घे."

मास्तर घाबरले. लालसूने तळहातावर तंबाखू चोळली. मग त्याने ती न खाताच झटकून टाकली.

"त मंग आयका," तो म्हणाला. "त्या दिवशी तुमी मलेबी वडे देल्ले होते, पानात बांधून. आठवते?"

"आठवते."

"मी नाई खाल्ले. गुरबख्शले नेऊन देल्ले. बारा होते. बाराही खाल्ले त्यानं, माह्या समोर. न मंग लढला. आता सांगा, कोणाचं पोट रिकामं होतं?"

मी ओरडलो, "हॅमंडनं अठरा खाल्ले होते! अठरा न बारा सारखे काऊन होतीन?"

"वड्यानं नाई हरला तुमचा हॅमंड. गुरबख्शनं हरवला त्याले!"

"न पहिल्या सामन्यात तुह्या गुरबख्शनं काय खाल्लं होतं? माती?"

गुणाबाई पेज घेऊन आली ती दारातच उभी राहिली. तिला वाटले भांडण पेटले. लालसू उठून बाकावर गेला, आपल्या नेहमीच्या टोकाला, आणि म्हणाला, "च्या मांडा बाई. भाऊले आज काहीच समजून नाई राह्यलं."

बारा वड्यांची गोष्ट खरी आहे, की लालसूने ती आत्ता बसल्याबसल्या रचली, मला माहीत नाही. मी विचारले नाही, आणि माझ्या पश्चात कोणी विचारू नये. हेच कलम सात समजावे.

वरील सर्व मी राजीखुशीने लिहिले, ऐकले व त्यावर दोघांच्या समक्ष सही केली.

मुक्काम गोंडपिपरी, तारीख १५ फेब्रुवारी १९५७, शुक्रवार, बाजाराचा दिवस.

मुखरू देवाजी गुरनुले

साक्षीदार पहिला: गुणवंतराव, शिक्षक. सही माझ्या समक्ष झाली. कलम पाच, सहा व सात कायद्याला धरून नाहीत, तरी लिहिणाऱ्याच्या आग्रहाने ठेवली.

साक्षीदार दुसरा: लालसू वल्द झाडू वेलादी, निशाणी डावा अंगठा. त्याने सांगितले तसे मास्तरांनी लिहिले: मुखरूभाऊनं माह्या समोर सही केली, हे बराबर आहे. कलम सहा मले मान्य नाई. तिसरा सामना गुरबख्शच जिंकला असता. अजून लय सांगाचं आहे, ते पुढच्या शुक्रवारी यिऊन सांगतो. तवरक भाऊनं हा कागद कामी येऊ देऊ नये.