मानाचा मामा आणि पितळी कुलूप

१८ एप्रिल, सकाळी ७

शिवराज आणि मंडळी काल एकदाची उदगीरला परत गेली. चुलत भाऊ आहे म्हणून गप्प बसलो. पाच माणसं, सहा दिवस. निमित्त काय, तर पोरांना चारमिनार दाखवायचा. चारमिनार एका दुपारी बघून झाला. उरलेले पाच दिवस त्यांनी आमचं घर बघितलं.

मागे राहिलेल्या वस्तू: सोफ्यामागे आंब्याची कोय, मुंग्यांसकट. साबणाला चिकटलेले लांब केस. माझ्या चष्म्याच्या डबीत कुणाचा तरी दुधाचा दात. माझा टॉवेल ओला आणि त्याला शिवराजच्या अंगाचा वास. दोनदा धुतला. तिसऱ्यांदा भिजवला आहे.

शी.

निश्चय दोन. लेखी आहेत, म्हणजे मोडण्याचा प्रश्न नाही.

१. या उन्हाळ्यात एकही पाहुणा या घराचा उंबरठा ओलांडणार नाही.

२. जो स्वतः घरी येऊन, कुंकू लावून, हातात अक्षता देऊन बोलावणार नाही त्याच्या कार्याला मी जाणार नाही. फोन चालणार नाही. व्हॉट्सॲप तर नाहीच.

दोन्ही निश्चय एकमेकांना पूरक आहेत.

ही वही टेबलावर उघडी पडली तरी हरकत नाही. युवराज माधापूरहून रविवारी येतो, पण त्याला मराठी वाचता येत नाही. मागच्या वहीच्या पहिल्या ओळीत ‘शिवराज’ ऐवजी ‘शेवराज’ वाचून तो दमला आणि वही ठेवून दिली. मुलाच्या शिक्षणावर केलेल्या कष्टांचा असाही फायदा.

२२ एप्रिल

राणीच्या लग्नाची पत्रिका आली. व्हॉट्सॲपवर!

फॅमिली ग्रुपमध्ये. दोनशे चौदा मेंबर. नाचणारा गणपती, मागे सनई, शेवटी ‘हेच आग्रहाचे आमंत्रण समजावे’. पाठवणारे आमचे दाजी, अंबाजीराव. खाली लगेच एकशे सहा जणांनी हात जोडले.

मी राणीचा सख्खा मामा. एकुलता एक. त्या ग्रुपमध्ये गॅस एजन्सीचा माणूससुद्धा आहे, त्याला आणि मला एकाच वेळी कळवलं.

कुसुम म्हणाली, हे नुसतं तारीख राखून ठेवायला असतं. छापील पत्रिका आल्या की देवाच्या आधी तुमच्याकडेच येतील. मी म्हणालो, येतील तेव्हा बघू. ती म्हणाली, सिकंदराबाद काही परदेश नाही, तुम्हीच जाऊन या बहिणीकडे. बायकांना तत्त्व कळत नाही.

ग्रुपवर मी हात जोडले नाहीत. फक्त बघितलं. निळ्या खुणा त्यांना दिसल्या असतील. समजायचं ते समजतील.

२३ एप्रिल, पहाटे

हे फक्त इथे लिहितो. मला या लग्नाला जायचं आहे.

दाजींची बदली काझीपेटला झाली तेव्हा राणी दोन वर्षं आमच्याकडे होती. रोज सकाळी स्कूटरवर पुढे उभी करून तिला जामबागच्या गल्लीतून शाळेत सोडायचो. हॉर्न तीच वाजवायची. पाच वर्षांची असताना एका लग्नात भटजींनी मुलीच्या मामाला हाक मारली, ‘मुलीला घेऊन या.’ तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, मला तूच आणशील ना?

मी हो म्हणालो होतो.

पिवळी साडी मामाची असते. ती मी फेब्रुवारीतच घेऊन ठेवली आहे. कपाटात वरच्या खणात. कुसुमने रंग पसंत केला, पण काठ मी बघितला.

४ मे

जहीराबादला कुसुमच्या मावसबहिणीच्या नातवाचं बारसं. घरी कुणी आलं नव्हतं. पण कुसुमला बाजारात हळदकुंकू लावून बोलावलं होतं, आणि नवरा-बायको एकच असतात. निश्चय क्रमांक दोन अबाधित.

जेवण किळसवाणं. बुफे. एक गृहस्थ बागाऱ्या बैंगनच्या रश्श्यात जिलबी बुडवून खात होता. बाळ कुणाच्याही हातात. एका बाईने त्याच्या तोंडात गुलाबजामचा पाक लावलेलं बोट घातलं, तेच बोट स्वतः चाटलं, पुन्हा घातलं. डबल का मीठा, ते पावाचं गोड, तीनदा घेतलं, कारण पहिल्या दोनदा चव नीट कळली नाही.

पोट बिघडलं. दोष पाण्याचा.

१७ मे

रोज संध्याकाळी चार ते आठ घरी थांबतो. वाट बघत नाही, उन्हात बाहेर पडू नये म्हणून.

कुसुमने आज विचारलं की घरात इस्त्रीचा सदरा घालून का बसता. म्हटलं, सवय.

हॉलमध्ये चालण्याची थोडी प्रॅक्टिस केली. डावा हात मुलीच्या कोपराखाली, चाल संथ, नजर समोर. सोफ्यापासून देवघरापर्यंत अठरा पावलं. चेहऱ्यावर गांभीर्य हवं, पण रडू येता कामा नये. दुसऱ्या फेरीत थोडं आलं. पंख्यामुळे डोळ्यात कचरा गेला असावा.

२८ मे

छापील पत्रिका आल्याची बातमी. लग्न चौदा जूनला. अजून माझ्याकडे कुणी नाही.

राणीच्या आईचा, त्रिवेणीचा, कुसुमला फोन: ऊन फार आहे, ह्यांचा खोकला वाढलाय, सात-आठ तारखेच्या सुमारास येतोच. दादाला सांग, राणी म्हणते मामाला मीच अक्षता देणार.

मी पेपर वाचत होतो. वर बघितलं नाही. एकच ओळ चार वेळा वाचली.

पण बहिणीने फोन मला करायला नको? तिने कुसुमला केला. लक्षात ठेवलं आहे.

३ जून

शिवराजचा फोन!! पुन्हा येतोय. सहा तारखेला. बायको, पोरं, आणि या वेळी सासरेही. सासऱ्यांना दमा. मृगाचं माशाचं औषध घ्यायला आठ तारखेला नामपल्लीला जायचं, जिवंत मासा गिळायचा, आणि पुढे चौदाला लग्न आहेच, म्हणजे तोवर ‘आपल्याकडेच’ मुक्काम.

आठ दिवस. जिवंत मासे गिळून आलेला माणूस. माझ्या बेसिनवर.

मी ताबडतोब सांगितलं की आम्ही सगळे तिरुपतीला जातोय, तेरापर्यंत घराला कुलूप. तो म्हणाला, बरं, मग त्रिवेणीताईकडे उतरतो. इतक्या सहज म्हणाला की मला संशय आला. मागे श्रीशैलमला जातो सांगितलं होतं तेव्हा हा माणूस खात्री करायला आला आणि जिन्यात सतरंजी टाकून बसला होता. मी खरोखरच घरात होतो, म्हणून तर सापडलो.

या वेळी प्लॅन पक्का हवा.

५ जून, दुपारी १

बेगम बाजारातून पितळी कुलूप आणलं. मोठं. दिसलं पाहिजे.

पद्धत: पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचं, मागच्या जिन्याने स्वयंपाकघरातून आत यायचं. बेलची वायर काढली. दाराच्या भिंगावर आतून कागद चिकटवला. मोबाईल बंद, कारण तिरुपतीत रांगेत मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. खोटं बोलायचं तर नीट बोलावं.

कुसुमने सहभागी व्हायला नकार दिला. बिदरला भाच्याच्या जावळाला चालली आहे, दहाला परत येईल. जाताना म्हणाली, दाजी आले तर काय करणार? मी म्हणालो, ते संध्याकाळी येतील, मला कळेल. कसं कळेल, म्हणाली. रक्ताच्या नात्याचं कळतं, म्हटलं. ती म्हणाली, दाजींशी तुमचं रक्ताचं नातं नाही. बायका तपशिलात शिरतात.

६ जून

कुणी आलं नाही. उत्तम शांतता. टॉवेल कोरडा.

मुरमुरे, कैरीचं लोणचं, पुन्हा मुरमुरे. एकटा माणूस किती सुखात राहू शकतो!

७ जून, सकाळी ११.१०

आले!

जिन्यात पावलं. दोन-तीन माणसं. मग खोकला. लांबलेला, छातीतून येणारा, शेवटी शिट्टी वाजणारा. दम्याचा. शिवराजचे सासरे, शंभर टक्के. बघितलंत, पडताळायला आलाच तो.

कूलर पूर्ण वेगात असल्यामुळे बोलणं ऐकू येत नाही. बंद केला तर आवाज थांबलेला त्यांना कळेल. सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो आहे.

११.१८

कुलूप हलवून बघितलं. खोकला. कुणीतरी दारावर तळहाताने थापा मारल्या, तीन लहान आणि एक लांब. आगाऊ पोरगं.

११.३०

अजून आहेत. किती चिवट! पुन्हा तीच थाप, तीन लहान, एक लांब. ओळखीची वाटते. उदगीरच्या पोरांनी एप्रिलमध्ये असाच धुडगूस घातला असेल.

११.३५

गेले. विजय.

मोठ्या आवाजात हसलो. मुरमुऱ्यांचा ठसका लागला.

८ जून

काल संध्याकाळी चार ते आठ सदरा घालून बसलो. आजही. दाजी आले नाहीत. सात-आठ म्हणाले होते. आठ संपली.

याला म्हणतात मेहुण्याची किंमत.

९ जून, सकाळी

शिवराजचा धोका टळला असं समजून पुढच्या बाजूने कुलूप काढायला गेलो.

कुलपाला कुंकू लावलेलं आहे. मधोमध, नीट, बोटाने. कडीच्या खाचेत पिवळ्या अक्षता. उंबरठ्यावर नारळ, आणि त्याच्याखाली पत्रिका. ‘मामा’ असं वर पेनाने लिहिलंय. अक्षर राणीचं. पहिल्या ‘म’ला काना दोनदा दिलाय. शाळेपासून तसाच देते.

तीन लहान, एक लांब. स्कूटरचा हॉर्न ती असाच वाजवायची.

थोडा वेळ जिन्यात बसलो.

दुपारी ३

शांतपणे विचार केला. भावनेच्या भरात वागून चालणार नाही. अक्षता हातात द्यायच्या असतात. या कुलपाला दिल्या आहेत. म्हणजे नियमाने पाहिलं तर आमंत्रण कुलपाला आहे, मला नाही. ते पुन्हा येतील. यायलाच हवं. मामाशिवाय मुलगी मांडवात जात नाही आणि पिवळी साडी माझ्या कपाटात आहे.

मोबाईल चालू केला. दाजींचे सात मिस्ड कॉल, सगळे सात तारखेचे. आठ आणि नऊचा एकही नाही. नेटवर्क गेलं असेल.

१० जून

कुसुम आली. कुलूप बघितलं. पत्रिका उचलून देवापुढे ठेवली.

मग म्हणाली, आत्ताच्या आत्ता रिक्षा करा, सिकंदराबादला जा, पोरीची माफी मागा. मी नियम समजावून सांगितला. तिने तो पूर्ण ऐकला. मग वरच्या खणातून पिवळी साडी काढली, पिशवीत घातली आणि चपला घालून निघून गेली.

जाऊ दे. साडी गेली म्हणून मामा जात नाही.

१३ जून

चार ते आठ. सदरा. दार सताड उघडं ठेवलं होतं. बेलची वायर जोडली. भिंगावरचा कागद काढला. खालून दूधवाला आला, कुरिअर आला, पत्ता चुकलेला एक माणूस आला, त्याला सरबत दिलं.

सायंकाळी कुसुमचा फोन. म्हणाली, हळद लागली. दाजी कुलूप बघून परतले तेव्हा शिवराजभाऊजींनी इथे सगळ्यांना सांगितलं, तुम्ही तिरुपतीला आहात. मी काही खोडून काढलं नाही. उद्या यायचं तर या.

म्हणजे बोलावलं! नवरा-बायको एकच असतात. निश्चय क्रमांक दोन शाबूत. उद्या जातो. फक्त व्यवस्था कशी आहे ते बघायला.

अठरा पावलं दोनदा चालून बघितली. पाठ आहेत.

१४ जून, संध्याकाळ

युवराजने हॉलचं लोकेशन पाठवलं होतं. रिक्षावाल्याने तरी दोन चकरा मारल्या, कायकू इत्ते फंक्शन हॉल बनाते लोगां, म्हणून मलाच झापलं. पोचलो तेव्हा मंगलाष्टकांची तयारी चालू होती. हॉलमध्ये अत्तर, घाम आणि तळणीच्या तेलाचा वास. नाकाला रुमाल लावला. पुढे गेलो.

भटजींनी माइकवर हाक दिली, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मी सदरा नीट केला आणि निघालो. सहा पावलं चाललो.

समोरच्या दारातून राणी आली. माझी पिवळी साडी. काठ सुरेख दिसत होता. कोपराखाली हात शिवराजचा. डोक्यावर केशरी फेटा. आठ दिवस त्रिवेणीच्या घरी राहिलेला चुलत मामा, घरात हजर होता, त्यालाच उभं केलं. भराभरा चालत होता. चाल संथ हवी, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तो रडत होता, उघड, नाक ओढत.

मी मध्येच उभा राहिलो होतो. फोटोग्राफर म्हणाला, अंकल जरा बाजू हटो, मामा का फोटो है.

हटलो.

दाजी भेटले. खोकले. कधी आलात तिरुपतीहून, म्हणाले. आजच, म्हटलं. प्रसाद आणला का, म्हणाले. मी खिसे चाचपले.

जेवलो नाही. कुणी आग्रह केला नाही.

निघताना राणी सगळ्यांच्या पाया पडत आली. माझ्याही पडली. मी डोक्यावर हात ठेवला. ती उठली आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, मामा, त्या दिवशी कूलर चालू होता ना?

मी हो म्हणालो.